आरामरोपा : सोलापूरच्या बागांतून एक इतिहासयात्रा

सोलापूर नगरीतील ऐतिहासिक स्थळांची यादी करावयास बसले असता भुईकोट किल्ला, सिद्धेश्वराचे मंदिर व तलाव, कापडगिरण्यांच्या चिमण्या आणि हुतात्म्यांची स्मारके ही नावे ओघाने येतात. या यादीत बागांना सहसा स्थान मिळत नाही. बाग म्हणजे सायंकाळी मुलांना खेळावयास नेण्याची जागा. तिला इतिहास तो कोणता, असा सर्वसाधारण समज आहे. आमचाही बरीच वर्षे तोच समज होता. पालि वाङ्मयाचे अध्ययन करीत असताना ‘आराम’ हा शब्द पानोपानी भेटू लागला, तेव्हा हा समज तपासून पाहण्याची गरज आम्हांस भासली.

म्हणून आमच्या पालि वर्गातील काही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, हिवाळ्यातील एका रविवारी आम्ही शहराच्या मध्यभागातील बागा पायी फिरून पाहिल्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांची शिदोरी प्रत्येकाजवळ होती. एका विद्यार्थ्याने निघतानाच विचारले, “सर, लेणी पाहावयास जाणे समजते, बागेत पाहावयाचे काय?” प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

आमच्या फेरीचा आरंभ किल्ल्यापासून झाला. सोलापूरचा भुईकोट किल्ला बहमनी काळातील मानला जातो. दुहेरी तटबंदी, खंदक, बुरूज आणि एका अंगास तलावाचे पाणी अशी त्याची रचना आहे. तटाच्या आत जुन्या मंदिराचे अवशेषही आढळतात. बहमनी सत्तेनंतर विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही, मोगल आणि मराठे अशा अनेकांच्या हातून फिरत हा किल्ला १८१८ साली ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. तट आणि खंदक यांचे प्रयोजन एकच असते : कोणाला आत येऊ द्यावयाचे आणि कोणाला नाही, हे ठरविणे. ज्या तटाने शतकानुशतके लोकांस बाहेर ठेविले, त्याच तटाच्या सावलीत आज मुले झोके घेतात आणि वृद्ध मंडळी ऊन खात बसतात. इतिहासाची ही कलाटणी आम्ही विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून दिली.

तटाशेजारचा तलाव वेगळ्या परंपरेची साक्ष देतो. बाराव्या शतकातील शरण सिद्धराम यांनी तो खोदविला अशी दृढ परंपरा आहे. बसवण्णांच्या समकालीन असलेल्या या शरणाने देवपूजेइतकेच महत्त्व लोकांसाठी पाणी उपलब्ध करून देण्याला दिले. तेव्हा येथे दोन वास्तू एकमेकींस खेटून उभ्या आहेत : एक अडविण्यासाठी बांधलेली आणि दुसरी पुरविण्यासाठी खोदलेली. बागेचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण बाग या दोन्ही जातींची असू शकते. कुंपण घालून राखलेली राजाची बाग ही एक, आणि सर्वांस खुली असलेली बाग ही दुसरी. पहिलीपासून दुसरीपर्यंतचा प्रवास भारताच्या इतिहासात प्रथम कोठे घडला, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस विनयपिटकात सापडते.

मराठीत ‘आराम’ म्हणजे विश्रांती. पालि भाषेत त्याचा मूळ अर्थ रमण्याची जागा, म्हणजेच बाग असा आहे. फुलांची बाग आणि फळांची बाग असे तिचे दोन प्रकार विनयात सांगितले आहेत. पुढे भिक्खुसंघाच्या निवासस्थानास हाच शब्द लागू झाला व ‘संघाराम’ हा शब्द रूढ झाला. ‘विहार’ या शब्दाचीही कथा अशीच आहे. आपण आज बुद्धविहारात जातो. परंतु विहार करणे म्हणजे मोकळेपणाने हिंडणे, हा अर्थ मराठीने आजही जपून ठेविला आहे. आपल्या धम्माच्या वास्तूंना जी नावे मिळाली ती किल्ल्यावरून अथवा राजवाड्यावरून आली नाहीत, ती बागेवरून आली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तथागतांच्या जीवनातील चार प्रमुख घटनांचा विचार केला तरी हेच दिसून येते. जन्म लुंबिनीच्या वनात, संबोधी उरुवेलेच्या रम्य परिसरात बोधिवृक्षाखाली, पहिले प्रवचन इसिपतनाच्या मृगदायात आणि महापरिनिर्वाण कुसिनारेच्या मल्लांच्या शालवनात. या चारही प्रसंगी त्यांच्या मस्तकावर छत होते ते वृक्षांचे.

संघाला मिळालेली पहिली बाग म्हणजे राजगृहाचे वेळुवन. मगधराज बिंबिसाराने ती दिली. दान देण्यापूर्वी त्याने जो विचार केला तो महावग्गात नोंदविलेला आहे. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. येण्याजाण्यास सोयीची असावी. ज्याला यावयाचे असेल त्याला येता यावे. दिवसा तेथे फार गर्दी नसावी आणि रात्री गोंगाट नसावा. आजच्या एखाद्या नगररचनाकाराला सार्वजनिक बागेसाठी जागा निवडावयास सांगितली, तर तो याहून वेगळे निकष क्वचितच सांगेल. यातील ‘ज्याला यावयाचे असेल त्याला येता यावे’ हा निकष आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेळुवन हे आधी राजाचे उद्यान होते. राजाच्या उद्यानाला राखणदार असतो आणि आत कोणी यावे हे राजा ठरवितो. दान होताच त्या बागेचे स्वरूप पालटले. विहारदानाच्या वचनात ‘चारही दिशांचा संघ’ असा शब्दप्रयोग येतो. आज उपस्थित असलेला आणि पुढे येणारा अशा दोघांचाही त्या जागेवर सारखाच अधिकार असतो.

पुढे अनाथपिंडिकाने श्रावस्तीचे जेतवन, जीवकाने राजगृहाचे आम्रवन आणि गणिका आम्रपालीने वैशालीतील आपले आम्रवन संघास दिले. देणाऱ्यांत राजा, व्यापारी, वैद्य आणि गणिका असे समाजाचे निरनिराळे थर आहेत. आणि या आरामांत राहणाऱ्यांत कोण होते? न्हावी उपालि होता, जो विनयाचा सर्वश्रेष्ठ ज्ञाता ठरला. सुनीत होता, ज्याची गाथा थेरगाथेत आहे. हा सुनीत हीन मानलेल्या कुळात जन्मला होता आणि सुकलेली, टाकून दिलेली फुले झाडून काढणे हा त्याचा उदरनिर्वाहाचा धंदा होता. ज्याचा फुलांशी संबंध त्यांचा कचरा उचलण्यापुरताच ठेवण्यात आला होता, तो माणूस त्या आरामाचा समान अधिकारी झाला. विद्यार्थ्यांना ही हकीकत सांगत असताना आमच्या समोरच एक सफाई कामगार भगिनी वाळलेली पाने झाडीत होत्या. त्यांनी झाडू क्षणभर थांबवून ऐकले आणि पुन्हा आपल्या कामास लागल्या. आम्हांस त्यापुढे अधिक भाष्य करण्याची आवश्यकता वाटली नाही.

बाग लावणे हे पुण्यकर्म आहे, असा स्पष्ट उपदेश संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात आहे. कोणाचे पुण्य दिवसरात्र वाढत राहते, असा प्रश्न तेथे विचारला जातो. तथागत उत्तरात कोणत्याही यज्ञाचे नाव घेत नाहीत. बागा लावणारे, वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई घालणारे, विहिरी देणारे आणि निवारा देणारे लोक, अशी ती यादी आहे. ‘आरामरोपा’ म्हणजे बागा लावणारे. हा या यादीतील पहिलाच शब्द आहे आणि तोच आम्ही या लेखास शीर्षक म्हणून घेतला आहे. वाचकांनी ही यादी कृपया ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

सम्राट अशोकाने हाच उपदेश राज्यकारभारात उतरविला. दिल्ली-टोपरा स्तंभावरील सातव्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेला वटवृक्ष लावल्याचे, आमराया उभारल्याचे, विहिरी खोदविल्याचे आणि पाणपोया घातल्याचे उल्लेख आहेत. वृक्षांची सावली माणसांना आणि पशूंना अशा दोघांनाही मिळावी, हा त्यामागील हेतू तेथेच सांगितला आहे. आज प्रयागराज येथे असलेल्या स्तंभावर राणीचा लेख म्हणून ओळखला जाणारा एक छोटा लेख आहे. दुसरी राणी कारुवाकी हिने आम्रवाटिका, आराम किंवा दानगृह असे जे काही दान दिले असेल ते तिच्याच नावे नोंदविले जावे, अशी आज्ञा त्यात आहे. बाग देणाऱ्या स्त्रीचे नाव पुसले जाऊ नये याची काळजी बावीसशे वर्षांपूर्वी घेतली गेली.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा आहे असे सोलापूरकरांनी समजू नये. आपल्या जिल्ह्यातून वाहणारी भीमा पुढे कर्नाटकात जाते आणि तिच्याच काठी कलबुर्गी जिल्ह्यात सन्नती हे गाव आहे. तेथील एका मंदिराचे छत १९८६ मध्ये कोसळले आणि त्यानंतर देवीच्या मूर्तीच्या पीठासाठी वापरलेल्या शिळेवर अशोकाचे लेख आढळून आले. जवळच्याच कनगनहल्ली येथील स्तूपाच्या शिल्पांत ‘राया असोको’ असे नाव कोरलेली राजाची प्रतिमा मिळाली. ज्या राजाने रस्त्याकडेला झाडे लावली त्याचे शब्द आपल्या भीमेच्या काठी होते. त्यांच्यावर मूर्ती उभी राहिली आणि लोकांना त्यांचा विसर पडला, इतकेच.

दुपारी आम्ही किल्ल्यालगतच्या हुतात्मा बागेत शिदोरी सोडली. या बागेच्या नावामागे १९३० चा इतिहास आहे. त्या वर्षी मे महिन्यात सोलापुरात गोळीबार झाला, लोक खवळून उठले आणि सरकारने शहरात लष्करी कायदा पुकारला. पुढे खटला चालून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चौघांची घरे, भाषा आणि धर्म एक नव्हते. लोकांनी एकत्र जमणे हाच जेव्हा गुन्हा ठरतो, तेव्हा चार माणसे निर्भयपणे शेजारी बसू शकतील अशा जागेचे मोल कळते. त्या दृष्टीने हुतात्म्यांचे नाव बागेस देणे हे आम्हांस समर्पक वाटते.

मात्र याच ठिकाणी आम्ही विद्यार्थ्यांसमोर एक अवघड प्रश्न ठेविला. ‘सार्वजनिक’ या शब्दात आपले पूर्वज मोडत होते काय? सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. तिच्या पैशाने रस्ते झाले, पाणी आले, बागा झाल्या. परंतु कर देणारा आणि उपभोग घेणारा हे दोघे एकच असतील अशी त्या काळी खात्री नव्हती.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा प्रसिद्ध ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले व राखलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. याच ठरावाच्या आधारावर १९२७ साली महाडचा सत्याग्रह उभा राहिला. आता ही यादी वनरोप सुत्ताच्या यादीशेजारी ठेवून पाहावी. पाणपोई, विहीर आणि निवारा ही तीन नावे दोन्हींत आहेत. अडीच हजार वर्षांच्या अंतराने पाणवठा, विहीर आणि धर्मशाळा हीच सार्वजनिक जीवनाची परीक्षा राहिली होती. परंतु सुत्ताच्या आरंभी असलेली बाग बोले ठरावात नाही. यात ठराव मांडणाऱ्याचा दोष नाही. ज्याला घोटभर पाणी मिळत नाही त्याच्यासाठी बागेची मागणी कोण करणार? भुकेल्यापुढे प्रथम भाकरी ठेवावयाची असते. तथापि माणसाला पाण्याप्रमाणेच विसाव्याचीही गरज असते, आणि विसाव्याचा हक्क हादेखील माणूसपणाचा हक्क आहे, ही गोष्ट त्या यादीबाहेर राहिली हे खरे.

त्याच सुमारास सोलापुरात दोन अगदी भिन्न जागा होत्या. शहरालगत गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची सेटलमेंट होती. मुंबई इलाख्यातील मोठ्या वसाहतींत तिची गणना होत असे. काटेरी तारांचे कुंपण आणि ठरल्या वेळी हजेरी असे तेथले जीवन होते. जन्मामुळेच माणूस गुन्हेगार ठरविणारा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला. सेटलमेंट हे नाव मात्र शहराच्या बोलण्यात राहून गेले. दुसरी जागा होती बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सुरू केलेले वसतिगृह. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी स्थापन केलेल्या सभेचे हे अगदी आरंभीचे कार्य. हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या राहण्याजेवणाची, कपड्यांची व पुस्तकांची सोय तेथे होती. त्या विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालविले. एका जागेत माणसांना कोंडले जात होते, दुसरीत त्यांना फुलविले जात होते. पालि भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्या काळच्या सोलापुरातील खरा आराम म्हणजे ते वसतिगृह होय.

वसतिगृहाची एवढी निकड बाबासाहेबांना का वाटली असेल? अनेक कारणांपैकी एक कारण त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेत आहे आणि ते आपल्याला पुन्हा एका बागेत घेऊन जाते. ही बाग मुंबईची.

परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजींचे सारे कुटुंब राहत असे. चूल, जाते, भांडी, माणसे आणि अभ्यास हे सर्व त्या एकाच खोलीत. एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी भीमराव वाचनासाठी चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत असे. तेथे सायंकाळी फिरावयास येणारे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुसकर यांची दृष्टी या एकाग्र मुलाकडे गेली, आणि परिचय झाला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. केळुसकरांनी १८९८ मध्ये गौतम बुद्धाचे मराठी चरित्र लिहिले होते. त्या चरित्राची प्रत त्यांनी भीमरावास भेट दिली. हा प्रसंग कीरांनी १९०७ च्या मॅट्रिक परीक्षेनंतरचा म्हणून दिला आहे. स्वतः बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा म्हणून सांगितला आहे, आणि केळुसकर हे आपल्या वडिलांचे स्नेही असल्याचे म्हटले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने हा फरक झाकून ठेवू नये. बाबासाहेबांच्या स्वतःच्या शब्दाला अर्थातच अग्रमान दिला पाहिजे. परंतु ग्रंथ मिळाला याविषयी दोन्हीकडे एकमत आहे. तो वाचून आपण प्रभावित झालो, असेही बाबासाहेबांनी लिहून ठेविले आहे. पुढे सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीसाठीही केळुसकरांनीच खटपट केली. वाचावयास घरात जागा नसलेल्या मुलाला शहराने एक बाक दिला; त्या बाकाचे ऋण किती दूरवर फिटले, हे सांगण्यास १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस पुरेसा आहे.

बाबासाहेबांच्या जीवनातील दुसरी बाग बडोद्याची. त्याच शिष्यवृत्तीच्या करारानुसार परदेशातून विद्याविभूषित होऊन १९१७ साली ते बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. राहण्यास जागा मिळेना, म्हणून पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि सायंकाळपर्यंत खोली सोडण्याची ताकीद मिळाली. दोन मित्रांकडे आसरा मागितला; एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही निरनिराळी कारणे सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात त्यांनी हे सांगितले आहे; त्या वेळी असहाय मुलाप्रमाणे आपल्याला आईवडिलांची आठवण झाली, असेही ते लिहितात. हीच बाग आज सयाजी बाग म्हणून ओळखली जाते. तो परिसर संकल्पभूमी म्हणून आपल्याला वंदनीय झाला आहे.

या दोन बागा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे सार्वजनिक बागेचे मोल आणि तिची मर्यादा अशा दोन्ही गोष्टी कळतात. अख्ख्या बडोदे शहरात एक छप्पर मिळाले नाही. परंतु बागेतील झाडाने नाव विचारले नाही. हे बागेचे मोल. आणि झाडाखाली पाच तास बसता येते, आयुष्य काढता येत नाही. ही तिची मर्यादा. केवळ झाडाच्या दयेवर माणसाने किती काळ बसावे? तेथे बसण्याचा हक्क कायद्याने लिहिलेला असला पाहिजे, आणि बागेबाहेरची दारेही उघडली पाहिजेत.

ते काम संविधानाने केले. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केला. आजच्या क्रमांकानुसार तो सतरावा. बागेच्या दृष्टीने मात्र पंधराव्या अनुच्छेदाचे दुसरे कलम विशेष पाहण्यासारखे आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीची ठिकाणे यांपासून, तसेच राज्याच्या पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ यांच्या वापरापासून दूर ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. राबता हा आपल्या बोलीतला जुना शब्द. जेथे लोकांची ये-जा असते ती राबत्याची जागा; बाग तिच्यात आपोआप येते. वनरोप सुत्तातील पहिला शब्द, जो १९२३ च्या ठरावात आला नव्हता, तो अशा रीतीने १९५० च्या संविधानात आपल्या जागी परत आला. बिंबिसाराच्या निकषातील ‘ज्याला यावयाचे असेल त्याला येता यावे’ हे वचन आता दानशूर राजाच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही. त्याचा भंग करणाऱ्यास १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने शिक्षाही सांगितली. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.

दिवस कलताना आमची फेरी पार्क चौकात येऊन थांबली. चौकाचे नावच बागेवरून पडलेले. आणि त्याच चौकाला आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर चौक म्हणतात. तेथे बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. सोलापूरशी त्यांचा संबंध वसतिगृहापुरता नव्हता. १९३७ च्या निवडणुकीत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे जिवाप्पा ऐदाळे उत्तर सोलापुरातून विधिमंडळात गेले, आणि १९३८ च्या जानेवारीत सोलापूरच्या नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. ज्याला बडोद्यात बागेतल्या झाडाखाली वेळ काढावा लागला होता, त्याला वीस-एकवीस वर्षांनी एका नगराने सन्मानाने आपल्यासमोर उभे केले. विद्यार्थ्यांनी पुतळ्यास वंदन केले आणि आम्ही जवळच बसून दिवसभराच्या टिपणांची उजळणी केली.

येथे स्वतःची एक आठवण सांगितल्यास वाचक क्षमा करतील. आमच्या दहावीच्या वर्षी घरात आम्ही सातजण होतो आणि दिवा एक. अभ्यासासाठी आम्ही दोघे मित्र शहरातील एका बागेतील दिव्याखाली बसत असू. एका सायंकाळी राखणदाराने जवळ येऊन कोणत्या वस्तीत राहता, असे विचारले. आम्ही वस्तीचे नाव सांगितले. तो काही बोलला नाही; परंतु दुसऱ्या दिवसापासून बाग बंद होण्याची वेळ केवळ आमच्यासाठी अर्धा तास अलीकडे आली. बाकीचे लोक बसून राहत आणि आम्ही दप्तरे उचलून निघत असू. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. तक्रार करावी असे त्यात काही दिसत नव्हते. संविधानातील कलम आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. ते ठाऊक असते तर आम्ही उठलो नसतो, असे आज वाटते. म्हणूनच हा इतिहास मुलांना बागेत बसवूनच सांगितला पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

कारण गरज संपलेली नाही. गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळी पडल्या. परंतु एका खोलीत सात माणसे राहणारी घरे अजून आहेत. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबांतील मुलांना अभ्यासासाठी शांत कोपरा घरात मिळत नाही. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आजही झाडाखाली वह्या उघडून बसलेले दिसतात. त्यांच्यातला कोण पुढे काय होईल हे कोणास सांगता येते? बागेतील एक दिवा चालू आहे की बंद, बाक धड आहे की मोडलेला, फाटक किती वाजता लागते, या बाबी क्षुल्लक वाटतात. चर्नी रोडच्या बागेचे फाटक त्या काळी लवकर लागत असते तर काय झाले असते, एवढा विचार केला म्हणजे त्या क्षुल्लक राहत नाहीत.

याकरिता धम्मबांधवांस आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, प्रत्येक विहाराने वर्षातून एकदा तरी मुलांना घेऊन आपल्या गावातील जुन्या बागेची अशी इतिहासफेरी काढावी. तटाजवळ राजसत्तेचा, तलावाजवळ शरणांचा, हुतात्म्यांच्या नावाजवळ १९३० चा आणि पुतळ्याजवळ संविधानाचा पाठ द्यावा. यासाठी पैसा लागत नाही. दुसरी, सहा डिसेंबरला सोलापूरहून चैत्यभूमीस जाणाऱ्या उपासक-उपासिकांनी परतीच्या गाडीपूर्वी वेळ मिळाल्यास दादरहून पश्चिम रेल्वेच्या लोकलने चर्नी रोडला जावे. स्थानकाजवळच ती बाग आहे. आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. तेथे मुलांच्या हाती एखादे पुस्तक देऊन त्यांना दहा मिनिटे वाचत बसू द्यावे. तिसरी, विहाराच्या आवारात शक्य असेल तेथे झाडे लावावीत, बाक ठेवावेत, दिवा लावावा आणि तेथे बसणाऱ्यास वस्तीचे नाव विचारू नये. आपल्या वास्तूला आपण विहार म्हणतो. त्या शब्दाचा अर्थ असा पाळला गेला पाहिजे.

सायंकाळी निरोप घेताना, सकाळी प्रश्न विचारणारा विद्यार्थी थोडा मागे रेंगाळला. त्याने बाकावरची आपली वही उचलली आणि विचारले, “सर, उद्यापासून मी येथेच वाचावयास बसलो तर चालेल ना?” आम्ही त्यास सांगितले की परवानगी मागण्याचे कारण नाही, ती १९५० सालीच मिळालेली आहे.